पाणी आल्यानंतर

कार्मिन तुस्कानोला नंदनबागेत सगळे सिस्टर म्हणायचे. गळ्यात क्रूस असला तरी ती मठातली सिस्टर नव्हे. मुंबईच्या इस्पितळात उभी हयात काढलेली नर्स. निवृत्त झाली तरी तिच्या हातांना चैन नव्हतं. कुणाचं बीपी बघ, कुणाला इन्शुलिन टोच, कुणाच्या बाळंतिणीला शेक कसा द्यायचा ते दाखव. दिवसभर तिचं दार नुसतं लोटलेलं असायचं.

उमेळ्यातली ही नंदनबाग, म्हणजे पाच इमारतींची सोसायटी, उभी होती ती जमीन मुळात तिच्या वडिलांची वाडी. केळी, पानवेली आणि मधोमध शिंपणासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, बावखल. भावांनी वाडी बिल्डरला दिली. बावखल डबर टाकून बुजवलं आणि कार्मिनच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. नवरा आलोशियस त्याच फ्लॅटमध्ये वारला. आता ती, मुलगा शेल्डन आणि सून जीना, अशी तिघं राहत.

बिल्डर काम अर्धवट टाकून पळाला तेव्हा सोसायटीत पाण्याचा थेंब नव्हता. त्या वेळी श्रीरंग चुरी पुढे झाला. पहिला टँकर त्याने आणला. लोकांनी त्याला हार घातला, चेअरमन केलं, आणि त्या टँकरच्या जोरावर त्याने चौदा वर्षं राज्य केलं. निवडणूक म्हणून झालीच नाही. दर वेळी बिनविरोध. विरोध करणाऱ्याला तो कधी आवाज चढवून बोलला नाही. हात जोडायचा, "बघू या हं," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाच्या घरचा नळ कोरडा. सुपरवायझर जितेंद्रला विचारलं तर तो व्हॉल्व्ह खराब झालाय म्हणून सांगे. तो व्हॉल्व्ह मग माणूस माफी मागेपर्यंत दुरुस्त होत नसे.

कार्मिनला हे सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ज्याच्या घरी पाणी येत होतं तो गप्प बसत होता, आणि कार्मिनच्या घरी पाणी येत होतं.

मग चौदाव्या वर्षीचा मे महिना आला. शेजारच्या इमारतीतल्या विनिता गुरवने मीटिंगमध्ये विचारलं की टँकर एकाच माणसाचे का लागतात. श्रीरंग हसला. विनिताचा नळ बंद झाला. चौथ्या दिवशी सकाळी तिचे अंथरुणाला खिळलेले सासरे वारले. कार्मिन गेली, नाडी पाहिली, डोळे मिटवले. डॉक्टर येऊन सर्टिफिकेट देऊन गेले. माणसं जमली, तिरडीचं सामान आलं, आणि मग विनिता कार्मिनच्या कानाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, आंघोळ घालायला पाणी नाही हो घरात."

कार्मिन तशीच खाली उतरली. जितेंद्र सोसायटीच्या ऑफिसात बसला होता.

"व्हॉल्व्ह उघड," ती म्हणाली.

"साहेब आगाशीला देवदर्शनाला गेलेत. ते आल्यावर बघू."

"वर मयत पडलंय, जितेंद्र."

तो खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, मी पगारी माणूस."

आयुष्यात कार्मिनने वॉर्डात कधी आवाज चढवला नव्हता. त्या सकाळी मात्र तिने मधल्या पटांगणात उभं राहून पाचही इमारतींना ऐकू जाईल असा टाहो फोडला. "माणूस मेलाय! आंघोळीला पाणी नाही! खाली या!" आधी खिडक्या उघडल्या. मग बायका उतरल्या, मग पुरुष. मागच्या इमारतीतला संग्राम शितोळे, घरूनच कंपनीचं काम करणारा तिशीतला उमदा मुलगा, हातात लोखंडी पहार घेऊन आला आणि दोन घावांत त्याने व्हॉल्व्हच्या खोलीचं कुलूप तोडलं. वर विनिताच्या मोरीत पाणी धो धो पडू लागलं तो आवाज खालपर्यंत आला. कित्येक जण रडले.

अंत्ययात्रा गेली, पण माणसं पांगली नाहीत. दुपारी श्रीरंगची गाडी आली तेव्हा गेटवर गर्दीची भिंत होती आणि भिंतीत सगळ्यात पुढे कार्मिन.

"बाई, मला वर जाऊ द्या," श्रीरंग काच खाली करून म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "सकाळपासून पोटात काही नाही. माझी शुगर तुम्हाला माहीत आहे."

माहीत होती. त्याला इन्शुलिन तीच टोचत होती. पण ती हलली नाही. त्याने गाडीच्या बॉनेटवर राजीनामा लिहून दिला. सही होताच कुणीतरी त्याची कॉलर धरली, चष्मा खाली पडला आणि कुणाच्यातरी चपलेखाली चिरडला. कार्मिनने ते पाहिलं. तिचा स्वतःचा ऊर आनंदाने इतका भरून आला होता की तिला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते पुढे, फार उशिरा.

त्यानंतरचे दिवस नंदनबागेत कुणी कधी पाहिले नव्हते असे होते. तात्पुरती समिती झाली. कार्मिन चेअरमन, संग्राम सेक्रेटरी, विनिता सभासद. सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असं ठरलं. संध्याकाळी पटांगणात खुर्च्या मांडल्या जात आणि ज्याला बोलायचं तो बोले. भाडेकरूसुद्धा बोलू लागले. कचऱ्याच्या डब्यांवरून दोन-दोन तास वाद चाले, लोक तावातावाने उठून जात आणि चहा घेऊन परत येत. शेल्डन म्हणायचा, "मम्मी, तुमची पार्लमेंट संपली की जेवायला ये." कार्मिन हसायची. आपल्या शेजाऱ्यांना एवढं बोलता येतं हे तिला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

संग्रामला मात्र या बोलण्याचा कंटाळा येऊ लागला. "आंटी," तो एकदा म्हणाला, "चर्चा करून टाकी भरत नाही." त्याने पंधरा-वीस पोरांचं पाणी पथक काढलं, निळे टी-शर्ट शिवून घेतले. पथकाने रात्रंदिवस खपून महापालिकेच्या नळजोडणीचं अडलेलं काम मार्गी लावलं, जुन्या पाइपलाइन बदलल्या. दिवाळीच्या सुमाराला पाचही इमारतींत दोन्ही वेळा पाणी आलं. म्हाताऱ्या माणसांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. संग्राम पटांगणातून चालू लागला की लोक खुर्चीवरून उठू लागले.

सहा महिने संपत आले तेव्हा तो कार्मिनकडे आला. "आत्ता निवडणूक घेतली तर टँकरवाले माणसं उभी करतील. चुरीचे हस्तक आहेत अजून. थोडं स्थिरस्थावर होऊ दे."

कार्मिनलाही तीच भीती होती. तिने मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. पुढच्या खेपेलाही केली, पण त्या वेळी तिने विचारलं, "असं किती दिवस?"

"महापालिकेत तरी कुठे नगरसेवक आहेत? किती वर्षं प्रशासकच बघतोय ना सगळं? शहर चाललंय की." संग्राम मोकळेपणाने हसला. त्याच्या हसण्यात कपट नव्हतं, आणि तिला नेमकी त्याचीच भीती वाटली.

हळूहळू खुर्च्या मांडणं बंद झालं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त पथकाने लिहायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते कळलं नाही. जितेंद्रच्या कमरेला पुन्हा किल्ल्यांचा जुडगा आला. आता तो निळा टी-शर्ट घालायचा. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला 'चुरीकडे कोण जातं' असं विचारलं जाऊ लागलं. आणि एका सकाळी कार्मिनच्या दारात श्रीरंगची बायको मनोरमा उभी राहिली. हातात पाच लिटरचा रिकामा कॅन.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "टँकरच्या हिशेबाची चौकशी पूर्ण होईपर्यंत आमचं पाणी बंद आहे म्हणे. यांचे पाय सुजलेत, सिस्टर. मी आले असते का हो नाहीतर?"

कार्मिनने कॅन भरून दिला. जिन्यात कुणीतरी मोबाइल वर धरला होता. तासाभरात ग्रुपवर फोटो आला, खाली एक ओळ : आपल्या चेअरमनबाई नक्की कुणाच्या?

शेल्डन कामावरून फोन करून ओरडला, "मम्मी, हे काय नवीन? आपल्याला राहायचंय इथे!"

ती तडक संग्रामकडे गेली. विनिता तिथेच बसली होती.

"आजाऱ्याचं पाणी तोडलंस तू?"

"आंटी, त्याने चौदा वर्षं हेच केलं. आठवडाभर त्याला कळू दे."

"मग आपण कुलूप तोडलं ते कशासाठी?"

संग्राम उत्तर द्यायच्या आत विनिता बोलली. तिचा आवाज अगदी शांत होता. "सिस्टर, माझे सासरे तसेच पडले होते तेव्हा चुरींच्या घरी शॉवर चालू होता. तुम्हाला त्यांची दया येते, येऊ दे. मला सांगू नका."

विनिताचं दुःख खरं होतं. तिच्याच दुःखावर हे सगळं उभं राहिलं होतं आणि आता ते तिच्याही हातात राहिलं नव्हतं.

महिन्याभरात चुरींनी फ्लॅट विकला. सामानाचा टेम्पो गेटवर अडवून पथकातल्या मुलांनी एकेक गाठोडं सोडून पाहिलं. सोसायटीचं काही जात तर नाही ना, म्हणून. मनोरमाच्या साड्या रस्त्यावर पसरल्या होत्या. श्रीरंग पुढच्या सीटवर समोर बघत बसला होता. बाल्कन्यांतून माणसं बघत होती. कार्मिन खाली गेली, साड्या उचलून घड्या घालू लागली. मनोरमाने तिच्या हातून त्या काढून घेतल्या. "राहू द्या," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पुढेच होता."

त्याच आठवड्यात कार्मिनने संग्रामला सांगितलं की आता निवडणूक घे, नाहीतर मी चेअरमनपद सोडते. आणि मतदान गुप्त हवं. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला, "घेऊ की. मलाही तेच हवंय."

निवडणूक लागली. संग्रामच्या पॅनेलसमोर कुणीच उभं राहिना. कार्मिनने चार-पाच जणांना गळ घातली. एकाच्या मुलीचं लग्न होतं, दुसऱ्याला डोक्याला ताप नको होता. जेसन नावाचा तरुण वकील आधी हो म्हणाला आणि दोन दिवसांनी त्याने फोन उचलणंच सोडलं. अखेर पॅनेल मान्य आहे की नाही, एवढ्यावरच मत घ्यायचं ठरलं. हॉलमध्ये पडदा लावला, पडद्यामागे टेबल, टेबलावर चिठ्ठ्या टाकायला बंद डबा. कुणी कुणाला धमकावलं नाही. लोक रांगेत हसतखिदळत उभे होते, सण असल्यासारखे. कार्मिनने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. लबाडी कुठेच नव्हती. लबाडी असती तर बरं, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःलाच दचकली.

मोजणी झाली. 'मान्य नाही' अशा चिठ्ठ्या निघाल्या नऊ. बाकी सगळ्या सोसायटीने संग्रामला मन भरून मत दिलं होतं. शेल्डननेही. "पाणी येतंय ना, मम्मी," तो घरी म्हणाला. "बाकी कुणाला काय पडलंय?"

आभाराच्या सभेत संग्रामने हार बाजूला ठेवून माइक घेतला. "नऊ जण," तो हसत म्हणाला. "आपल्यात अजून नऊ जण आहेत ज्यांना टँकर आवडतो. त्यांना आपण शोधू. प्रेमाने शोधू." हॉल हसण्याने दणाणला. हसताना माणसं एकमेकांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून कार्मिनकडे बीपी बघायला जास्तच माणसं येऊ लागली. बाहीची गुंडाळी करता करता जो तो आपणहून सांगे, "माझं मत तर संग्रामलाच होतं हो." तिने विचारलेलं नसे. तळमजल्यावरच्या सॅन्टनने तर शपथ घेतली. पहिल्या मजल्यावरची एलिना काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली आणि जाताना तिने कार्मिनचा हात जरा घट्ट दाबला. त्या दाबण्याचा अर्थ कार्मिनने लावला, पण तो ओठांवर आणला नाही.

विनिता आली ती चहाच्या वेळेला. बऱ्याच दिवसांनी आली होती. कपातला चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, "त्या नऊ जणांत तुम्ही नाही ना, सिस्टर?"

"आहे," कार्मिन म्हणाली.

विनिताने कप खाली ठेवला. "मी कुणाला सांगणार नाही."

"सांग. चोरी केलेली नाही मी."

विनिता उठली. दारात थांबून, पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही मला पाणी मिळवून दिलंत. म्हणून सांगते. पथकाला हे आधीच माहीत आहे. त्यांना बाकीचे आठ हवेत."

दोन दिवसांनी संग्राम स्वतः आला. एकटाच. चपला बाहेर काढून आत आला, जीनाची विचारपूस केली, आणि बाही वर सारून हात पुढे केला. "बघा बरं जरा."

कार्मिनने पट्टा बांधला, हवा भरली. तरुण वयाच्या मानाने पारा फारच वर होता.

"झोपतोस का नीट?"

"नाही येत झोप. डोळा लागला की वाटतं खाली कुणीतरी कुलूप तोडतंय." तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "आंटी, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. तुम्ही आईसारख्या. पण तुमच्याकडे सगळे येतात, मन मोकळं करतात. बाकीचे कोण, तेवढं सांगा. मी कुणाला त्रास देणार नाही. मला फक्त माहीत असायला हवं."

"मला माहीत नाही."

"माहीत असतं तर सांगितलं असतं?"

तिने पट्टा सोडला. "मीठ कमी कर. आणि गोळी सुरू करावी लागेल, डॉक्टरांना दाखव."

तो बाही नीट करत उठला. मग वाकून पाया पडला आणि गेला.

आठवड्याने एलिनाचा नळ बंद झाला. पाठोपाठ सॅन्टनचा. मग वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचा, ज्यांचा म्हातारा दर सोमवारी कार्मिनकडे यायचा. कुणाचा नळ का बंद झाला ते कुणी सांगितलं नाही. सॅन्टन संग्रामच्या दारात जाऊन रडला असं जीना सांगत होती. त्याने मत खरंच संग्रामला दिलं असावं. कार्मिनला तसंच वाटत होतं.

तिच्या स्वतःच्या नळाला मात्र पाणी येत होतं. दोन्ही वेळा, भरपूर.

पहिले काही दिवस तिला वाटलं, आज नाहीतर उद्या बंद होईल. तिने तयारीही केली, पिंप भरून ठेवलं. पण पाणी थांबेना. रविवारी चर्चच्या आवारात तिने एलिनाला हाक मारली तेव्हा एलिनाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून ती गर्दीत शिरली. सॅन्टनची बायको जिन्यात बाजूला सरकून उभी राहिली, महारोग्याला वाट द्यावी तशी. ज्यांचे नळ बंद झाले ते सगळे तिच्याकडे येणारे होते, आणि संग्रामला उघड विरोध करूनही पाणी चालू होतं ते तिचं एकटीचं. लोकांनी दोन आणि दोन चार केले होते. घरी येऊन ती मोरीतल्या वाहत्या नळासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. संग्रामला तिच्याकडून नावं नको होती. ती मिळाली असं लोकांना वाटणं त्याला पुरेसं होतं. शिक्षा म्हणून तिला पाणीच दिलं जात होतं.

तिचं दार लोटलेलंच राहिलं, पण ते कुणी ढकलेनासं झालं. बीपीचं यंत्र कपाटावर गेलं. शेल्डनने ठाण्याला भाड्याचं घर बघायला घेतलं. "चल आमच्याबरोबर," तो म्हणाला. "इथे काय राहिलंय?"

"ही माझ्या वडिलांची जागा आहे की," ती म्हणाली. त्याला ते उत्तर वाटलं नाही. तिलाही पुरतं वाटलं नाही.

मग एके सकाळी तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या भरल्या आणि दाराबाहेर जिन्यापाशी ओळीने ठेवल्या. जीना दारात येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मम्मी, फोटो काढतील."

"काढू दे."

संध्याकाळपर्यंत बादल्यांना कुणी हात लावला नाही. पाण्यावर धूळ जमली. जितेंद्र जिना चढून आला, बादल्यांकडे पाहिलं, फोनवर काहीतरी बोलला आणि उतरून गेला. दुसऱ्या दिवशी तिने पाणी बदललं. तिसऱ्याही दिवशी बदललं. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा एक बादली जाग्यावर नव्हती. कुणी शेजाऱ्याने भरलेली नेली की पथकाच्या पोरांनी उचलून फेकली, ते सांगायला जिन्यात कुणी नव्हतं. कठड्यावरून तिने खाली वाकून पाहिलं. गेटवर निळ्या टी-शर्टातले तिघे वर तिच्या मजल्याकडेच बघत होते.

ती आत गेली आणि त्या बादलीच्या जागी ठेवायला तिने नळाखाली पातेलं लावलं.